कुत्रा चावल्यानंतरचे सहा रविवार: एका वर्गाचा माझा अनुभव

मी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घेते. पावणेसहाला स्कूटर काढायची, पुण्यात सिंहगड रस्त्यावरची विठ्ठलवाडीपासून धायरी फाट्यापर्यंतची घरं करायची आणि साडेनऊच्या आत सगळ्या ट्यूब लॅबमध्ये पोचवायच्या. अकरा वर्षं झाली या कामाला. त्या वेळेला रस्त्यावर माणसं कमी आणि कुत्री जास्त. ज्या घरांत जायचं त्यांतही सातआठ घरांमागे एकात कुत्रा असतोच. बेल दाबली की आतून भुंकणं, आणि दार उघडता उघडता ठरलेलं वाक्य: "या ताई, या. काही करत नाही हो तो."

गेल्या वर्षी फेब्रुवारीत अशाच एका घरात मला कुत्रा चावला. त्यानंतर कुत्र्यांची भीती बसली, ती इतकी की काम सोडायची वेळ आली. शेवटी खडकवासल्याच्या अलीकडे एक ताई कुत्र्यांना शिकवतात आणि रविवारी कुत्र्यांना घाबरणाऱ्या माणसांसाठी वर्ग घेतात असं कळलं, म्हणून तिथे पैसे भरले. सहा रविवार, दर वेळी दीड तास, साडेपाच हजार रुपये. त्या वर्गाबद्दल हे लिहितेय. नाव मुद्दाम देत नाही, कारण खाली तक्रारी आहेत आणि त्या मी त्यांच्या तोंडावर सांगून आले आहे. तुमच्या गावात असं कुणी शिकवत असेल तर काय बघून पैसे भरायचे, एवढं यातून कळलं तरी पुरे.

आधी चावल्याचं सांगते, कारण वर्गात सगळं फिरून फिरून त्याच सकाळवर येत होतं.

त्या घरातल्या आजींची फास्टिंग शुगर आणि एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, होती. राखाडी टोपीची एक ट्यूब, जांभळ्या टोपीची एक. लॅब्रडॉर मला तीन महिने ओळखत होता, मी यायचे तेव्हा शेपूट हलवायचा. आजींची शीर बारीक आणि सरकती, त्यामुळे मी नेहमी पलंगाशी गुडघे टेकून बसायचे. आजींच्या दंडाला पट्टा बांधला, बोटाने शीर चाचपली, सुई आत गेली. मागे फरशीवर नखांची टकटक ऐकू आली आणि माझ्या कोपरापाशी थांबली. त्या दिवशी आजींना जरा जास्त दुखलं. "आई आई गं," म्हणाल्या त्या, आणि पुढच्या क्षणी माझा डावा हात कोपराच्या खाली त्याच्या तोंडात होता.

सुई काढून मी आजींच्या हातावर कापूस दाबला. तो मी विचार करून दाबला की हाताला सवय म्हणून दाबला गेला, आजही सांगता येत नाही. सुनेने कुत्र्याला ओढलं. माझ्या हाताला दोन खोल भोकं आणि एक चिरलेली रेघ. त्या बाईंनी धावत जाऊन हळद आणली. मी नको म्हटलं आणि साबण मागितला. वाहत्या नळाखाली, साबण लावून, घड्याळात बघून पंधरा मिनिटं हात धुतला. कुणालाही कुत्रा चावला तर पहिलं काम हेच. हळद, चुना, तिखट, तेल, काहीही जखमेत भरायचं नाही. कुत्र्याला लस दिलेली होती, त्यांनी पुस्तिकाही दाखवली. तरी मी तडक सरकारी दवाखान्यात गेले. रेबीजची लक्षणं एकदा दिसायला लागली की माणूस जवळजवळ वाचतच नाही, हे मला कामामुळे माहीत आहे. रक्त येईल इतका दात लागला असेल तर जखम तिसऱ्या, म्हणजे सगळ्यांत गंभीर श्रेणीची धरतात. मग लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही (रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडं) द्यावं लागतं, तेही जखमेतच, तिच्या भोवती सुई फिरवत. हे दुखतं. लस मात्र अगदी साधी: दोन्ही दंडांवर कातडीत ०.१ मिली, पहिल्या दिवशी (तो शून्य धरायचा), मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. टोचलं की संत्र्याच्या सालीसारखा बारीक फुगवटा येतो. तो बरोबर आलाय का हे माझं मीच बघत होते. कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवायची असते, ती त्या घरच्यांनी ठेवली. तो ठणठणीत राहिला.

हे इतकं लिहिलं कारण अजून घराघरांत "पोटात चौदा इंजेक्शनं" ऐकू येतं. ती जुनी लस देशात बंद होऊन वीस वर्षं होऊन गेली. त्या धास्तीने एखादा माणूस दवाखान्यातच जात नसेल तर त्याला कृपा करून सांगा, आता दंडावर घेतात.

आता भीतीचं. चावला त्या दिवशी मला भीती वाटली नाही, त्या आठवड्यातही नाही. हात सुजला होता, राग आला होता, पण तिसऱ्या दिवशी लस घेऊन येताना गल्लीतल्या कुत्र्यांच्या मधून मी स्कूटर नेहमीसारखीच काढली. भीती आली तिसऱ्या आठवड्यात. माणिकबागेतल्या एका घराची बेल दाबली, आतून भुंकणं आलं आणि दारामागे फरशीवर नखं वाजली. माझ्या हातातला बॉक्स गार पडल्यासारखा वाटला. मी दोन जिने खाली उतरले आणि फोन करून सांगितलं, गाडी बंद पडली, आज जमणार नाही. खाली आल्यावर इतकं मोकळं वाटलं की काय सांगू. त्या मोकळं वाटण्यानेच माझा घात केला. पुढच्या वेळी बेलसुद्धा दाबली नाही. मग घर घेतानाच "कुत्रा आहे का?" विचारू लागले. मग बरोबरच्या मुलाशी घरं बदलून घेतली, एकेक करत अकरा घरं सोडली. आम्हाला घरामागे पैसे मिळतात, तेव्हा दर महिन्याला त्याची झळ पगारात दिसायची.

तो बरोबरचा मुलगा फलटणकडचा, धनगराच्या घरचा. मेंढरांबरोबरच्या कुत्र्यांत वाढलेला. त्याला पुण्यात दोनदा कुत्रा चावलाय, दोन्ही वेळा रस्त्यावरचा, एकदा तर पोटरीला टाके पडायची पाळी आली होती. लसीचे सगळे डोस त्याने घेतले आणि दुसऱ्या दिवशी त्याच गल्लीतून गेला. खिशात बिस्किटं असतात त्याच्या. मी त्याला विचारायचे, अरे, तुला काहीच कसं वाटत नाही? तो म्हणायचा, "ताई, एक वंगाळ निघालं म्हणून सगळी वंगाळ व्हत्यात व्हय?" मला त्याचं पटायचं. तरी दारामागे नखं वाजली की पाय जिना उतरायचे.

माझी धाकटी नऊ वर्षांची. तिला कुत्र्याने कधी चाटलंसुद्धा नाही, चावणं तर लांबच. आधी ती खालच्या चौकातल्या पिल्लांना दूध घालायची. गेल्या पावसाळ्यात एकदा आम्ही दोघी भाजी घेऊन येत होतो. समोरून एक कुत्री येत होती, अगदी बिचारी, आचळं लोंबलेली. मी काही बोलले नाही, पण लेकीने माझा हात सोडला आणि ओरडत रस्त्याच्या मध्यभागी धावली. रिक्षावाल्याने ब्रेक मारला म्हणून वाचली. घरी आल्यावर तिने मनगट दाखवलं. गेले कित्येक दिवस कुत्रा दिसला की मी ते आवळायचे, तिथे लाल झालं होतं. मला माहीतही नव्हतं मी असं करते. सासूबाईंच्या देवघरात दत्ताची तसबीर आहे, पायाशी चार कुत्री. त्या रात्री लेक म्हणाली, "आजी, ती कुत्री पुसता येतील का गं?" दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर्गाला फोन लावला.

पहिल्या रविवारी कुत्रा नव्हताच. पत्र्याच्या शेडखाली सहा खुर्च्या, शिकवणाऱ्या ताई आणि त्यांच्याबरोबर एक मानसतज्ज्ञ बाई. या फक्त पहिल्या आणि शेवटच्या वर्गाला असतात. आम्ही पाच जण होतो. बँकेतून निवृत्त झालेले एक काका, त्यांना लहानपणी गावात चावला होता. पार्सल पोचवणारा एक मुलगा, त्याला सहा महिन्यांपूर्वी. मी. सात वर्षांच्या मुलाची एक आई. तिला कधी चावला नव्हता, पण आपली धास्ती मुलाला लागू नये म्हणून आली होती. आणि इंजिनीअरिंगची एक मुलगी, तिच्या आयुष्यात कुत्र्याने तिला साधं हुंगलंसुद्धा नव्हतं. पाचांत तिघांना दात लागलेले, आणि सगळ्यांत जास्त घाबरलेली होती ती न चावलेली मुलगी. शेजारच्या शेडमधून भुंकणं आलं तर खुर्चीवर पाय वर घेऊन बसली.

मी मानसतज्ज्ञ बाईंना विचारलं, मग चावण्याने भीती बसते की नाही? त्यांनी सरळ उत्तर दिलं: बसते, पण चावलेल्या प्रत्येकाला नाही, आणि भीती बसायला चावावंच लागतं असंही नाही. १९७७ साली रॅकमन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने भीतीच्या तीन वाटा सांगितल्या: आपल्याला स्वतःला आलेला अनुभव, दुसऱ्याला घाबरताना बघणं आणि कानावर पडलेलं. आमच्या पाच खुर्च्यांवर तिन्ही वाटा बसलेल्या होत्या. मग १९८८ चा एक अभ्यास त्यांनी सांगितला, अमेरिकेतल्या डी नार्डो आणि सहकाऱ्यांचा. कुत्र्यांना घाबरणाऱ्यांना आणि न घाबरणाऱ्यांना, दोघांनाही विचारलं, तुमच्याबाबतीत कुत्र्याचा काही वाईट प्रसंग घडलाय का? दोन्ही गटांत निम्म्याहून जास्त जणांनी हो म्हटलं. म्हणजे न घाबरणाऱ्यांनाही कुत्र्यांनी काही सोडलं नव्हतं. फरक होता तो अपेक्षेत. घाबरणाऱ्यांना वाटायचं, कुत्रा समोर आला की आपल्याला इजा होणारच. ज्यांनी आधी कुत्र्यांबरोबर पुष्कळ चांगले दिवस काढलेले असतात, त्यांच्यावर एका चाव्याचा परिणाम कमी होतो, हेही त्यांनी सांगितलं. मला लगेच फलटणचा मुलगा आठवला. त्याच्याकडे मेंढरांबरोबरच्या कुत्र्यांची पंधरा वर्षं जमा होती. माझ्याकडे दाराआडचं भुंकणं तेवढं होतं.

त्याच दिवशी शिकवणाऱ्या ताईंनी मला एक प्रश्न विचारला आणि माझे साडेपाच हजार तिथेच वसूल झाले. आजवर सगळे विचारायचे, चावल्यावर काय केलंस, किती लागलं, त्या लोकांनी भरपाई दिली का. या ताईंनी विचारलं, "चावायच्या आधी तो काय करत होता?"

मी म्हटलं, काहीच नाही, अचानक चावला.

त्या म्हणाल्या, घाई करू नका, आठवा. तोंड उघडं होतं की मिटलेलं?

आणि मला दिसलं. एरवी मी गेले की त्याची जीभ बाहेर असायची. त्या दिवशी तोंड मिटलेलं होतं. मी पट्टा बांधताना तो उठून आला होता. दोनदा त्याने स्वतःचं नाक चाटलं होतं. अंग ताठ, कान मागे. डोकं आजींकडे आणि डोळे माझ्याकडे तिरके, पांढरं दिसेल असे. माझ्या गुडघ्याच्या आणि पलंगाच्या मध्ये तो शिरून उभा राहिला होता आणि मी त्याला ढोपराने बाजूला सारलं होतं. हे सगळं मी पाहिलेलं होतं! माझ्या डोळ्यांसमोर घडलं होतं आणि मला वाचता आलं नव्हतं. ताई म्हणाल्या, "तो बराच वेळ तुम्हाला सांगत होता, लांब व्हा म्हणून. आजी ओरडल्या तेव्हा त्याने शेवटचं सांगितलं."

आठ महिने माझ्या मनात ती वीज होती, आभाळातून कुठेही पडू शकणारी. त्या खुर्चीवर बसून ती घटना माझ्यापुरती बदलली. तिला आधी आणि नंतर आलं. चूक कुत्र्याची, माझी की घरच्यांची, हा विषय त्या ताईंनी काढलाच नाही आणि ते फार बरं केलं. मी स्वतः मात्र एवढं नक्की म्हणेन: "काही करत नाही हो तो" या वाक्याने माझं नुकसान केलं. त्या वाक्यावर विसंबून मी तीन महिने त्या कुत्र्याकडे बघितलंच नव्हतं.

दुसऱ्या रविवारी प्रत्येकाची शिडी लिहून घेतली. सगळ्यांत कमी भीतीचं खाली, सगळ्यांत जास्तीचं वर, आणि प्रत्येकापुढे शून्य ते दहा यांतला आकडा. ही पद्धत जुनी आहे. जोसेफ वोल्पे या डॉक्टरांनी १९५८ साली ती नीट मांडली, आणि त्याच्याही आधी, १९२४ साली, मेरी कव्हर जोन्स या बाईंनी सशाला घाबरणाऱ्या एका लहान मुलाला आवडीचं खायला देत देत ससा थोडा थोडा जवळ आणला होता. माझी शिडी सगळ्यांपेक्षा वेगळी निघाली. कुत्र्याचा फोटो एक, लांबचं भुंकणं चार, अंगावर आलेला कुत्रा आठ. फरशीवर, पाठीमागे, नखांची टकटक: दहा. दात नाहीत, भुंकणं नाही. नखं. मला वाटलं ताईंना नवल वाटेल. त्यांनी नुसतं लिहून घेतलं आणि म्हणाल्या, चौथ्या रविवारी व्हरांड्यात करू, तिथे शहाबादी फरशी आहे.

तिसऱ्या वर्गाचं फार सांगण्यासारखं नाही. मैदानात पंधरा पावलांवर दोरीला धरलेली एक गावठी कुत्री आणि आम्ही तिच्याबद्दल मोठ्याने सांगायचं: आता तोंड उघडं, आता जांभई, आता मान वळवली, शेपूट खाली आणि सैल. शेपूट हलतंय म्हणजे कुत्रा खूश, हे खरं नसतं हे तिथे कळलं. ताठ, उंच, बारीक थरथरणारं शेपूट दिसलं तर थांबायचं. पार्सलवाला मुलगा यात सगळ्यांत पटाईत निघाला.

चौथा रविवार मी जन्मात विसरणार नाही. व्हरांड्यात पाटावर मला पाठमोरं बसवलं, अगदी पलंगाशी बसायचे तसं. मागच्या दारातून त्यांची बारा वर्षांची लॅब्रडॉर आली, मोगरा. तिचे मागचे पाय आखडलेले, त्यामुळे चालताना दोन नखं टक टक वाजायची आणि तिसरं ओढलं जायचं, खर्रर्. मी मागे बघायचं नव्हतं. ताई बाजूला बसून दर दोन मिनिटांनी विचारायच्या, किती? आणि मी सांगेन तो आकडा कागदावर. त्या एकदाही "घाबरू नका" म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "उठायचं असेल तर उठा, दार उघडं आहे. बसवत असेल तर अजून एक मिनिट बसा." माझे तळहात असे भिजले की मांडीवर सलवार ओली झाली. मानेवरचा केस न् केस उभा. एकदा नखं माझ्या कोपरापाशी येऊन थांबली तेव्हा घशातून आवाज निघाला, पण मी उठले नाही. तो कागद अजून माझ्या कलेक्शनच्या बॅगेत आहे: ९, ९, १०, ९, ८, ९, ८, ७, ७, ६, ७, ५, ५, ४, ४, ३, ३, ३. अठरा आकडे, छत्तीस मिनिटं. मध्ये तीनदा वर गेलाय तेही तसंच लिहिलंय. मग मोगरा दमून माझ्या पाठीला टेकून बसली. तिच्या अंगाचा ऊबदार भार पाठीला लागला आणि मी रडले. ताईंनी आकडा विचारला नाही.

माणिकबागेच्या जिन्यात मी नव्हे, तर माझ्या पायांनी निर्णय घेतला होता. भीती टोकाला असताना मी खाली उतरले होते. इथे टोकाला असताना बसून राहिले आणि ती आपली आपण उतरली. हे दहा जणांनी समजावलं असतं तरी मला पटलं नसतं. अंगाने शिकावं लागलं.

पाचव्या वर्गाला मुलं आणता येतात. लेकीला नेलं. तिला कुणी कुत्र्याजवळ ढकललं नाही. खडूने एक रेघ मारून दिली आणि सांगितलं, या रेघेच्या अलीकडे बसून बघायचं. समोर त्या सात वर्षांच्या मुलाने मोगराला पाणी दिलं, ब्रशने विंचरलं, तिच्या पाठीवर डोकं ठेवलं. १९६७ साली बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच भित्र्या मुलांना न घाबरणारं मूल कुत्र्याशी खेळताना दाखवलं होतं आणि त्यांची भीती कमी झाली होती, असं मागे सांगितलं गेलं होतं. पाऊण तासाने लेक रेघेच्या पलीकडे गेली. कुत्रीपर्यंत गेली नाही. रेघेच्या पलीकडे दोन फरश्या, तिथे बसली. परत येताना स्कूटरवर मागून म्हणाली, "तिच्या कानाच्या आत गुलाबी आहे." माझ्या मते त्या दिवशीचं तेवढं पुष्कळ होतं.

आता तक्रारी. पहिली आणि मोठी: जागा. बस फाट्यावर सोडते आणि तिथून पाऊण किलोमीटर चालत जावं लागतं, आणि त्या वाटेवर चिकनच्या दुकानामागे सातआठ मोकाट कुत्री बसलेली असतात. कुत्र्यांना घाबरणाऱ्या माणसांच्या वर्गाची वाट अशी असावी? माझ्याकडे स्कूटर आहे. ती कॉलेजची मुलगी दुसऱ्या रविवारी फाट्यावरूनच परत गेली आणि पुन्हा आली नाही. ज्या माणसाला या वर्गाची सगळ्यांत जास्त गरज होती तोच असा गळला. फाट्यावर एक माणूस उभा करणं काही अवघड नव्हतं. मी हे सांगितलं, ताईंनी मान्य केलं, पण आमची बॅच संपेपर्यंत काही झालं नव्हतं. तिचे पैसेही परत दिले नाहीत, नियम आहे म्हणे. हे मला अजिबात पटलेलं नाही.

दुसरी: रस्त्यावरच्या टोळीबद्दल फार कमी शिकवतात. शेडमधली कुत्री शहाणी, हात लावून घ्यायची सवय असलेली. माझं काम पहाटेच्या अंधारातलं. शेवटचा एकच वर्ग गल्लीत घेतला. पळायचं नाही, डोळ्यांत रोखून बघायचं नाही, हात अंगाशी घेऊन उभं राहायचं, जरा तिरकं होऊन हळूहळू बाजूला व्हायचं, स्कूटरमागे लागली तर वेग वाढवण्याऐवजी कमी करायचा. हे सगळं उपयोगाचं आहे, पण एका दिवसात अंगवळणी पडत नाही. यासाठी अजून दोन रविवार तरी हवेत. आणि काही टोळ्यांना घाबरणंच शहाणपणाचं असतं, हेही स्पष्ट सांगायला हवं होतं. पार्सलवाल्या मुलाने तसं विचारलं तेव्हा उत्तर गुळमुळीत मिळालं.

चांगल्या गोष्टींत दोन राहिल्या. पहिल्याच दिवशी न मागता सगळ्या कुत्र्यांच्या लसीच्या पुस्तिका समोर ठेवल्या, आणि आम्हालाही चावल्यानंतरचे डोस पूर्ण झालेत का ते विचारलं. बँकेच्या काकांना अंगणात झोपलेल्या कुत्रीवरून ओलांडून जायला सांगणाऱ्या मदतनिसाला ताईंनी सगळ्यांसमोर थांबवलं: झोपलेल्या कुत्र्याला असं ओलांडायचं नसतं, आणि घाबरलेल्या माणसाला तर तसं करायला सांगायचंच नसतं.

वर्ग संपून पाच महिने झाले. अकरापैकी सात घरं मी परत घेतली. बेल दाबायच्या आधी फोन करते: कुत्र्याला दुसऱ्या खोलीत ठेवा, दार लावा, मग मी येते. आतून "काही करत नाही हो" आलं तर म्हणते, "नसेल करत, काकू, पण मी सुई हातात घेऊन बसते, तेव्हा दार लावा." सहसा कुणी रागावत नाही. दोनच जणी रागावल्या, त्यांची घरं सोडली.

उरलेल्या चारांत ते चावलेलं घर होतं. मागच्या महिन्यात त्या आजींचाच फोन आला. दुसरा मुलगा येतो तो तीनतीनदा टोचतो, तूच ये गं. मी कळवलं, कुत्र्याला खाली फिरायला न्या, मी पावणेसातला येते. जिना चढत होते तेव्हा तिसऱ्या मजल्याच्या वळणावर वरून नखं वाजली. त्यांना निघायला उशीर झाला होता, मुलगा पट्टा धरून त्याला खाली आणत होता. मी जिन्याच्या कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून, बॉक्स पोटाशी धरून तिरकी उभी राहिले. आकडा सात होता. त्याचं तोंड उघडं होतं, जीभ बाहेर, शेपूट सैल. माझ्या चपलेचा वास घेतला आणि खाली गेला. मी तिथेच उभी राहिले, आकडा पाच होईपर्यंत. मग वर गेले, गुडघे टेकले, पट्टा बांधला. एका टोचण्यात शीर मिळाली. राखाडी ट्यूब, जांभळी ट्यूब, लेबलवर आजींचं नाव, आणि वेळ लिहिली: ६.५८.